भोसगे सरांचे टॉपर पार्ट

"ताई, माल सगळा टॉपचा हाय. तुम्ही फक्त जोडा," असं म्हणत भोसगे सरांनी माझ्या काउंटरवर एकावर एक खोकी रचली. मागे त्यांची मुलगी ऋतुजा उभी होती. ती खोक्यांकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

सर लातूरमध्ये फिजिक्सचे क्लास घेतात. माझं दुकान कॉम्प्युटर असेंबलिंगचं. म्हणजे सुटे पार्ट आणायचे आणि गिऱ्हाइकाच्या कामाला जुळेल असा कॉम्प्युटर जोडून द्यायचा. मी मूळची नांदेडची, लग्न होऊन इकडे आले. लातूरचा माणूस वांगी घेतानाही मनातल्या मनात मेरिट लिस्ट लावतो, हे मला इथं आल्यावर कळलं. सरांनी तेच केलं होतं. इंटरनेटवर लोक पार्टांची चाचणी घेऊन त्यांना मार्क देतात. ज्या पार्टला जास्त मार्क, तो सरांनी मागवला होता.

"कोणता पार्ट कोणाबरोबर चालतो, ते बघितलं का सर?"

"टॉपर कुठंबी चालतो, ताई."

मी खोकी उघडली. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो ज्या मोठ्या बोर्डवर बसतो तो मदरबोर्ड. बोर्डवर प्रोसेसरसाठी चौकोनी जागा असते, तिला सॉकेट म्हणतात. सगळ्या प्रोसेसरना एकच सॉकेट चालत नाही. सरांचा प्रोसेसर एका कंपनीचा, आणि बोर्ड दुसऱ्याच कंपनीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला. दोघेही आपापल्या ठिकाणी पहिले आले होते, पण एकमेकांच्या काही कामाचे नव्हते.

"जरा दाबून बघा की," सर म्हणाले.

"दाबते सर. मग दोन्ही कचऱ्यात टाकू."

ऋतुजा हसली, पण लगेच तिनं विचारलं, "ताई, गुरुवारच्या आत होईल का?"

तेव्हा खरी गोष्ट समजली. तिला ॲनिमेशनच्या कोर्सला जायचं होतं. त्यासाठी स्वतः केलेली छोटी फिल्म पाठवायची होती, आणि गुरुवार शेवटचा दिवस. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर अर्धी झाली होती, पुढे तो लॅपटॉप धापा टाकत होता. बारावी झालेली, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत मार्क बेताचे. सर ॲनिमेशनला कसेबसे तयार झाले होते.

"न्हाईच जमलं तर रिपीट करंल," सर मला समजावत म्हणाले. "आमच्या बॅचमधी तिची जागा ठेवलेलीच हाय."

अगदी प्रेमानं म्हणाले. ऋतुजानं मान खाली घातली.

सरांना नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून एक सांगते. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, त्यांनी अचूक निवडला होता. कोण किती वॅट खाणार याचा हिशोब करून वर थोडी सवडही ठेवली होती. लोक नेमकं तिथंच हात आखडतात. मी तसं म्हटलं, तर सरांची कॉलर ताठ झाली. त्या आनंदात मी त्यांचा बोर्ड परत पाठवायला लावला आणि माझ्याकडचा, प्रोसेसरला जुळणारा बोर्ड देऊन टाकला.

मग ग्राफिक्स कार्ड निघालं. हलती चित्रं रंगवून पडद्यावर आणायचं काम या कार्डाचं. ॲनिमेशनवाल्याला ते दणकट लागतंच. सरांचं कार्ड दणकट होतं आणि हातभर लांबही होतं. कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी, मात्र जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठी.

"सर, एवढंसं कॅबिनेट का घेतलं?"

"छोट्यामधी त्याला सगळ्यात जास्त मार्क हायत."

"पण छोटंच का?"

"टेबलात जागा न्हाई."

"मग फरशीवर ठेवा."

"पुसताना पाणी जाईल."

"मग कार्ड छोटं घ्या."

"टॉपर सोडून?"

"छोट्या कार्डावर रेंडर व्हायला लई वेळ लागंल, पप्पा," ऋतुजा म्हणाली. रेंडर म्हणजे केलेल्या चित्रांची शेवटची फिल्म तयार होणं. "गुरुवार निघून जाईल."

पोरीला सगळं माहीत होतं. पार्ट मागवताना तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. माझ्याकडचं मोठं कॅबिनेट आणि सगळे पार्ट ऑटोत टाकले, टेबलाखालची जागा मोजायला टेप घेतला आणि आम्ही तिघं सरांच्या घरी गेलो.

टेबल सुताराकडून करून घेतलेलं, भक्कम. खाली मोठा कप्पा, आणि तो नीटच्या पुस्तकांनी गच्च भरलेला. ऋतुजाच्या आईनं, काकूंनी, सगळ्यांच्या हातात सुशीलाची, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांची, प्लेट दिली. माझी बाजूला ठेवून मी आधी कप्पा मोजला. मोठं कॅबिनेट आरामात बसत होतं, मागे हवेलाही जागा राहत होती.

"पुस्तकं काढली की झालं, सर."

"ती राहू द्या."

"कशाला?"

"असू द्यावीत, ताई. वेळ काय सांगून येती का?"

ऋतुजानं प्लेट खाली ठेवली. "पप्पा, तुम्ही मला कॉम्प्युटर घेऊन राहिलात का रिपीटची तयारी करून राहिलात?"

मला दोघांचंही वाईट वाटलं. मी उगाच टेप उलगडत आणि गुंडाळत बसले.

"तुझ्या लाइनमधलं मला काहीच कळत न्हाई गं," सर शेवटी म्हणाले. "फिजिक्समधी अडलीस तर मी हाय. इथं अडलीस तर कुणाकडं जाशील? म्हणून म्हणलं, सगळं टॉपचंच असावं. आन् तरीबी न्हाई जमलं, तर पुस्तकं असावीत."

"मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की."

"हाव," सर म्हणाले. "ते राहिलंच."

दारातून काकू म्हणाल्या, "मग आता काढा की ती पुस्तकं. का ताईंना इथंच मुक्कामाला ठेवायचंय?"

सर खाली बसले आणि स्वतः पुस्तकं काढू लागले. एकेक झटकून बाजूला ठेवत होते. मी तिथंच फरशीवर कॉम्प्युटर जोडायला घेतला. कोणती केबल कुठं जाते ते ऋतुजा सरांना सांगत होती आणि सर, एवढे क्लासवाले, निमूट ऐकत होते. बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली. ऋतुजानं सरांचा दंड घट्ट धरला.

मॉनिटर मात्र फार खाली येत होता. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, नाहीतर मान धरते. मी काहीतरी जाड मागितलं. सरांनी पुस्तकांच्या ढिगाकडे पाहिलं, दोन ठोकळे उचलले आणि मॉनिटरखाली सरकवले.

"फिजिक्सचीच ठेवतो. केमिस्ट्रीचा भरवसा न्हाई."

बाकीची पुस्तकं त्यांनी क्लासमधल्या पोरांना वाटून टाकली. फिल्म वेळेत गेली आणि ऋतुजाला प्रवेशही मिळाला.

हल्ली कोणी पार्टची यादी घेऊन दुकानात आलं, की मी आधी विचारते, कॉम्प्युटर वापरणार कोण आणि यादी केली कोणी? दोन नावं वेगळी निघाली, तर जो वापरणार त्याला घेऊन या म्हणते. मगच स्क्रू ड्रायव्हर उचलते.