केरबांची कारणं

कुणी पेला पुढे केला की केरबा नवं कारण काढत. "आज संकष्टी हाय." "दाढ ठणकतीया." एकदा तर म्हणाले, "क्लॅरोनेटला वास सोसत न्हाय, रुसतंय." वरातीत बँड वाजवणारा माणूस दारूला शिवत नाही, हे कोल्हापुरात कुणाला पटायचं नाही. त्यांचेच वाजंत्री त्यांना 'सोवळं मास्तर' म्हणत. केरबा हसत आणि पुढचं गाणं धरत.

मी तेव्हा शाळेत नवा शिक्षक, शुक्रवार पेठेत त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहिलेला. दारूबंदी नुकतीच आली होती. दारू मात्र कुठेच गेली नव्हती, पुढच्या दारातून मागच्या दाराला गेली एवढंच! शाळेत दारूबंदीची सभा ठरली आणि मी हौसेनं केरबांना बोलायला उभं केलं. ते बँडचा लाल कोट घालून आले.

"दारू वाईट लागती म्हणणारा खोटं बोलतोय," त्यांनी सुरुवातच केली. "मला लई आवडायची."

अध्यक्षांना ठसका लागला. माझी पाचावर धारण बसली.

"एकदा वरातीची ठरल्याली सुपारी मोडली, म्हणून न पिता घरी गेलतो. दार ढकललं, तर माझी सुमी कणगीमागं पळाली. चार वर्साची पोर. म्हटलं, बाळ, आज पिलेलो न्हाय. तरी भाईर यीना. तवापास्नं सोडली."

एवढं बोलून ते खाली बसले.

परतताना मी विचारलं, "मग एरवी लोकांना खरं कारण का सांगत नाही?"

"कसं सांगू, गुरुजी? आज त्वांडातनं निघून गेलं, पण पेठंत सांगितलं तर सुमीच्या कानावर जायचं. पोर मोठी झालीया, ग्वाड बोलती. पण मनात ते असंलच की. आठवतंय का, इचारायचं धाडस हुईत न्हाय."

ते धाडस त्यांना शेवटपर्यंत झालं नाही. सुमी लग्न होऊन कुरुंदवाडला गेली आणि दोनेक वर्षांत केरबा न्युमोनियानं गेले. दिवसकार्य आटोपल्यावर न राहवून मी तिला सगळं सांगितलं.

"आबा आधी पीत हुते, हे आई सांगायची. पण मी लपल्याचं? न्हाय बा, कायबी आठवत न्हाय. मला आठवतंय ते येवढंच, आबांची चाहूल लागली की दार उघडायला मी पळत सुटायची."

हे ऐकायला केरबा हवे होते.