धडधाकट परत यायचं!

पळायला लागलं की वजन उतरतं, असं सगळेच सांगतात. आमच्या चौघांचं वजन होतं तिथंच राहिलं, किस्से मात्र वाढत गेले. रविवारी सायकल मारून आलो की पांढरकवड्याच्या बसस्टँडसमोर चहा व्हायचा. चहा अर्धा होतो न होतो तोच कोणीतरी म्हणायचं, "अन् तो रानडुकराचा दिवस?" झालं! मग कोणालाच घरी जायची घाई नसायची. बाहेरच्या माणसाला यातलं निम्मं खरं वाटत नाही. त्याला माझा इलाज नाही. घडलं तसं सांगतो.

आधी माणसं सांगतो. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. भगत सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स, आमच्यात सगळ्यात फिट आणि सगळ्यात कडक. बंडूभाऊंचं हायवेवर टायरचं दुकान. हैदराबादकडे जाणारे निम्मे ट्रकवाले त्यांना नावानं ओळखतात. आणि प्रकाश राठोड, केळापूरच्या पलीकडच्या तांड्यावरचा, घरची शेती, सगळा कापूस. अंगावर मांस नाही, पण पळायला लागला की धूळच दिसायची, माणूस नाही.

ती वर्षं कापसाला वाईट होती. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी भाव, कधी दोन्ही मिळून. गावात दोन माणसं भेटली की बोलणं तिथंच जायचं. सकाळी शाळेच्या ग्राउंडवर मात्र आम्ही बुटांवर भांडायचो, श्वासावर भांडायचो. तेवढंच बरं वाटायचं.

*

ट्रायथलॉनचं खूळ सिस्टरांनी आणलं. नागपूरला स्पर्धा आहे, हौशी लोकांसाठी, आपण उतरू या.

बंडूभाऊंनी विचारलं, "म्हंजे कराचं काय असते त्याच्यात?"

"आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं."

"तिन्ही एकाच दिवशी?"

"लागोपाठ. मधे थांबायचं नाही."

बंडूभाऊंनी बराच विचार केला. "काहून? दुसऱ्या दिवशी त्याहिले काही काम असते काय?"

तरी ठरलं. सिस्टर म्हणाल्या, प्रत्येकानं आपलं टार्गेट बोलून दाखवा. मी म्हटलं, पूर्ण करायची, नंबर गेला खड्ड्यात. राठोड म्हणाला, नागपूरच्या एका तरी पोराला मागं टाकायचं. बंडूभाऊंनी पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माह्यं टार्गेट हे. हे मांगं राह्यलं पायजे, मी पुढं."

"अन् सिस्टर, तुमचं?"

"माझं एकच. तुम्ही तिघांनी धडधाकट परत यायचं. दुखलं तर बोलायचं. लपवलं तर मी सोडणार नाही!"

त्या दिवसापासून बंडूभाऊ रोज बोलायला लागले. गुडघा, घोटा, मान. एकदा तर म्हणाले, "सिस्टर, कान दुखून राह्यला." सिस्टर म्हणाल्या, "बंडूभाऊ, कानानं पळता काय तुम्ही?"

*

पांढरकवड्यात तरणतलाव नाही. त्यामुळे पोहायला धरण. मला आणि सिस्टरांना बऱ्यापैकी येत होतं, राठोडला तरंगण्यापुरतं येत होतं. बंडूभाऊंना अजिबात नाही. पण त्यांच्याकडे ट्यूब होती, ट्रॅक्टरची! ती कमरेत घालून ते पाण्यात उतरायचे ते एखाद्या मंत्र्यासारखे, सावकाश, दोन्ही हात बाजूला ठेवून.

दोन महिने झाले तरी ट्यूब सुटेना. हातपाय छान चालायचे, पण ट्यूब काढा म्हटलं की डोळे पांढरे. सिस्टर म्हणाल्या, "नागपूरला ट्यूब चालत नाही." बंडूभाऊ म्हणाले, "मंग नागपूर बी चालत नाही."

एका सकाळी आम्ही चौघं आडवं पोहत समोरच्या खडकाकडे निघालो. मी मधे एकदा वळून पाहिलं, बंडूभाऊ मजेत येत होते. खडकाला टेकले, वर चढले आणि कमरेकडे त्यांचं लक्ष गेलं. ट्यूब लोंबत होती. पार चपटी! बाभळीचा काटा कुठंतरी काठावरच लागला असणार. म्हणजे जवळजवळ सगळं अंतर हा माणूस स्वतःच्या हातापायावर आला होता.

आम्ही टाळ्या वाजवायला लागलो, तर बंडूभाऊ खडकावर बसले आणि थरथर कापायला लागले. कोरड्या दगडावर! दातावर दात आपटू लागले.

मी म्हटलं, "अहो भाऊ, पोचलात ना? आता कायले घाबरता?"

"तवा घाबराले टाइम कोठी होता, सर!"

*

सायकलचं निराळंच. हायवेवर सराव करायचो, पहाटे, ट्रक कमी असताना. ट्रकवाले बंडूभाऊंना ओळखायचे, त्यामुळे प्रत्येक जण हॉर्न मारायचा. एकानं तर गाडी बाजूला लावून विचारलं, "सेठ, दुकान बंद हो गया क्या? सायकल पे क्यूँ?" बंडूभाऊंनी समजावलं, तब्येतीसाठी आहे. तो म्हणाला, "आओ, बैठ जाओ, तब्येत नागपूर तक छोड़ देता हूँ!"

हेल्मेट घालायला भाऊ तयार नव्हते. डोक्यात खाज येते, लोक हसतात, एक ना दोन कारणं. शेवटी सिस्टरांनी सांगितलं, हेल्मेट नाही तर चहा नाही. मग घातलं.

त्याच आठवड्यात केळापूरच्या फाट्याजवळ पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकातून, रानडुक्कर निघालं आणि थेट भाऊंच्या पुढच्या चाकावर आलं. भाऊ उडाले, डोक्यावर पडले. जो आवाज आला ना, तो मला आजही आठवतो. आम्ही सायकली टाकून धावलो. सिस्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, हातपाय हलवून घेतले. "नाव सांगा!"

"कोणाचं? डुकराचं?"

सिस्टर तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या. त्यांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसत होत्या.

हेल्मेटला आरपार तडा गेला होता. भाऊंनी ते फेकलं नाही. दुकानाच्या दारावर लोक लिंबू-मिरची बांधतात, तिथं भाऊंनी हेल्मेट टांगलं. नवं गिऱ्हाईक विचारतंच, हे काय आहे? भाऊ हातातलं काम न थांबवता सांगतात, "ते माह्यं डोकं हाये. हे जे पायता ना, हे स्टेपनी हाये!"

*

कापूस वेचणीच्या दिवसांत राठोडची टाच गेली. तो बोलला नाही. पण सिस्टरांच्या लक्षात आलं, की चहा पिताना हा बगळ्यासारखा एका पायावर उभा असतो. बूट काढायला लावला. टाच ही सुजलेली!

"दोन आठवडे पळणं बंद."

"पळणं बंद करतो सिस्टर, पण वेचणीचं काय? दिवसभर उभंच राहा लागते. मजूर भेटून नाही राह्यले. याडी अन् दोन-चार बाया, तेवढ्याच." याडी म्हणजे त्याची आई.

सिस्टरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्हाला कळलं. त्या रविवारी पळणं नाही, सायकल नाही. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून आम्ही तिघं राठोडच्या वावरात. राठोडला बांधावर खाटेवर बसवलं, पाय वर करून. मी म्हटलं, "याला क्रॉस ट्रेनिंग म्हणतात." शब्द मोठा होता, अंगात दम मात्र थोडाच होता.

दुपारपर्यंत बाया आपापल्या तासाच्या, म्हणजे ओळीच्या, टोकाला पोचून परत यायला लागल्या, आणि आम्ही अजून मधेच. बंडूभाऊ तर वाकले ते सरळच होईनात. याडी आमच्या शेजारून गेली, थांबली, मला आणि भाऊंना नीट न्याहाळलं आणि मुलाला ओरडून विचारलं, "परकास, हेच जाऊन राह्यले काय नागपूरले?"

राठोड खाटेवर लोळून लोळून हसला. त्या हंगामात त्याला तसं हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर मी आणि भाऊ कमरेवर हात ठेवून कसेबसे पोचलो. सिस्टर म्हणाल्या, "छान! एक टाच होती, आता दोन कमरा झाल्या." पण टाच बरी झाली बरं का. दोन आठवड्यांनी राठोड परत धुळीत गायब.

*

नागपूर. तलावाच्या काठावर ही गर्दी, ह्या सायकली, एकेक पाहून बंडूभाऊ म्हणाले, "सर, ह्या सायकलीचं चाक माह्या दुकानापेक्षा भारी दिसते." पण झालं सगळं नीट. राठोड पाण्यातून जवळजवळ शेवटी निघाला आणि पळताना त्यानं एक सोडा, बऱ्याच पोरांना मागं टाकलं. मी आलो. माझ्यानंतर कितीतरी वेळानं पण स्वतःच्या पायावर भाऊ आले.

सिस्टर मात्र येईनात! आमच्यात सगळ्यात फिट बाई, आणि त्यांचाच पत्ता नाही. कोणीतरी सांगितलं, वाटेत एका मुलाला चक्कर आली, पिवळ्या टी-शर्टातल्या एक बाई त्याच्याजवळ थांबल्यात, ॲम्ब्युलन्स येईस्तोवर उठायला तयार नाहीत. म्हणजे आमच्याच.

इकडे वेळ संपली. शेवटच्या रेषेवर ती हवेनं फुगवलेली मोठी कमान असते ना, तिचा पंखा आयोजकांनी बंद केला. कमान हळूहळू डुलायला लागली. तेवढ्यात लांबून सिस्टर दिसल्या, पाय ओढत, पण पळतच येत होत्या.

बंडूभाऊ गेले आणि त्या वाकणाऱ्या कमानीखाली शिरले. दोन्ही हात वर, डोकं वर, सगळी कमान अंगावर. मी आणि राठोडनं दुसरी बाजू धरली. आयोजकांतला एक जण धावत आला. "काका, सोडा! टाइम संपला!"

कमानीच्या आतून आवाज आला, "टाइम तुमचा सरला असन. हवा बाकी हाये अजून!"

आणि सिस्टर त्या मोडक्या कमानीखालून वाकून आत आल्या. त्यांचं पहिलं वाक्य, "भाऊ, खांदा दुखतो काय?"

*

आता शेवटचा किस्सा. हा आम्ही चहावर सांगत नाही, पण आठवतो सगळ्यांना.

नागपूरहून आल्यावर राठोडनं नवं टार्गेट ठरवलं, पोहणं सुधारायचं. पण पुढचा हंगाम आला तो बोंडअळीचा. वरून बोंड चांगलं दिसायचं, फोडलं की आत अळी. धरणावर यायला त्याला सवड मिळेना. मग त्यानं स्वतःच ठरवलं, वावरातल्या विहिरीत पोहायचं. उजाडायच्या वेळी जायचं, कामाआधी परत यायचं. घरी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्याला वाटलं.

त्या वर्षी आमच्या भागात विहिरीच्या काठावर चप्पल दिसली की माणसं विचार करत नसत, धावत सुटत.

याडी त्या दिवशी लवकर वावरात आली. काठावर मुलाची चप्पल आणि घडी घातलेला सदरा. तिनं जी किंकाळी फोडली, ती तांड्यावर ऐकू गेली म्हणतात. माणसं दोर घेऊन धावली, कोणी खाट उचलून आणली. राठोडचा धाकटा भाऊ कपड्यांसकट विहिरीत उडाला.

राठोडचं तोंड पाण्यात, कान पाण्यात, त्याला यातलं काही ऐकू आलं नाही. अचानक कोणीतरी त्याचे केस धरले.

"अबे सोड! पोहून राह्यलो मी!"

"खोटं बोलू नको, भिया!" धाकटा रडत ओरडला. भिया म्हणजे त्यांच्यात भाऊ. केस काही त्यानं सोडले नाहीत.

वर काढल्यावर याडीनं त्याला दोन थोबाडीत दिल्या. मग त्याला असं घट्ट धरलं की चारचौघांना सोडवता येईना. तो सांगत होता, प्रॅक्टिस आहे, स्पर्धा आहे. कोणी ऐकायला तयार नाही. शेवटी भावानं मला फोन लावला. "सर, हा म्हणते पोहाची प्रॅक्टिस करून राह्यला. खरं हाये काय?"

"खरं आहे."

फोन याडीनं घेतला. "मास्तर, माह्या गळ्याची आन?"

"तुमच्या गळ्याची आन, याडी. तो पोहतच होता."

फोन ठेवला आणि मी सिस्टरांना आणि बंडूभाऊंना बोलावून घेतलं.

आम्ही तिघं लगेच गेलो. सगळा तांडा अंगणात बसलेला, राठोड मधे घोंगडी पांघरून. सिस्टरांनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "एकट्यानं पाण्यात उतरायचंच नसतं! काठावर आपलं कोणीतरी लागतं, कळतं काय?" राठोड मान खाली घालून बसला होता. याडी ऐकत होती. आम्हाला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम त्याच्यासोबत पोहायला गेलो. विहिरीवर याडी आधीच येऊन बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर दोराचं भेंडोळं. तिनं राठोडला जवळ बोलावलं आणि दोराचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं, काठाच्या दगडाला पाय लावून बसली आणि म्हणाली,

"हं. पोह्य आता."