बारा झबली

कोऱ्या मलमलीच्या खळीचा वास काल घरभर झाला आणि मला पंचवीस वर्षांपूर्वीचा आमचा उंबरा आठवला.

तेव्हा बायकोला सातवा महिना होता. दिवस श्रावणात भरणार होते. मूल जन्मण्याआधी त्याचे कपडे आणायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. पहिल्या खेपेला आम्ही ती पाळली होती. घरात जुन्या धोतराची चार फडकी होती आणि मुळशीच्या पावसात एकही वाळेना. ओलसर फडक्यातच ते पोर गारठून दगावले.

या वेळी मी पौडहून बारा झबल्यांचे कापड आणले. आत्या दारातच आडवी आली.

"जलमायच्या आधी कापड? सटवाईला डिवचतोस व्हय रं?"

"आत्या, दिवसाला सहा झबली भिजत्यात. चुलीवर टांगलं तरी वाळायला दोन दिवस लागत्यात. बाराच्या खाली भागायचं न्हाई."

"आन् काय वंगाळ झालं मंजी?"

बायको आतून आली. तिने माझ्या हातातले कापड घेतले आणि आत्यासमोरच कात्री लावली.

"मागल्या खेपंला काय आणलं व्हतं, आत्याबाई?"

आत्याने कापलेल्या कापडाची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "शिवण भायेरनं घाल. पोराला टोचती."

त्या झबल्यांतली मुलगी आता बाळंतपणाला आली आहे. तिच्या सासूबाईंचा निरोप आहे, आधी काही घेऊ नका. दिवस याही वेळी श्रावणातच भरतात.

मी अठरा झबल्यांचे कापड आणले आहे.