अस्वल्याच्या अंगावरची घोंगडी

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला कुणी गेल्याचं सांगितलं, की त्याच्या तोंडून आधी निघतं, "किती वाजता?" मीही तेच विचारलं. महिना होत आला त्याला. सकाळचं ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं, मी आमच्या कुत्र्याच्या भांड्यात कोमट पाणी ओतत होतो आणि फोनवर नागोराव होता, लिंबाजीमामांचा थोरला मुलगा. "काका, आबा गेले." मी म्हणालो, "किती वाजता?" तो म्हणाला, "पहाटं. आन काका, आबाची घोंगडी तुमच्याकडंच हाय ना? तेवढी घिऊन या. अंगावर घालायची हाय." मी हो म्हणालो आणि वळून पाहिलं. घोंगडी समोरच होती. कुत्र्याच्या अंगावर.

ती तिथं कशी आली हे सांगायचं तर माझा गाढवपणा पहिल्यापासून सांगावा लागेल. निवृत्तीनंतर मी पूर्णा गावाबाहेर, नदीच्या अंगाला घर बांधलं. शेजारच्या पडीक रानात लिंबाजीमामांची मेंढरं बसायची. धनगराचा जन्म, साठी कधीच उलटलेली, बोटांत विझलेली बिडी आणि उन्हाळा असो की हिवाळा, खांद्यावर काळी घोंगडी. मला ते बाबू म्हणायचे, मी त्यांना मामा. त्याच सुमारास पुण्याच्या आमच्या चिरंजिवांनी फ्लॅटमध्ये पाळलेला कुत्रा आमच्याकडं आणून सोडला. थंड डोंगराळ मुलखातली जात, अंगभर वीतभर केस, मान कुठं संपते आणि छाती कुठं सुरू होते ते कळू नये असा. त्याचं पुण्यातलं नाव फार शहरी होतं. मामांनी पहिल्याच दिवशी ते मोडीत काढलं. "हे कुत्रं न्हाई बाबू, अस्वल हाय. अस्वल्या म्हना." अस्वल्याही त्या नावाला असा धावून आला, की जणू आजवर त्याला चुकीच्या गाडीत बसवलं होतं.

पहिल्या हिवाळ्यात मी बाजारातून बायकी स्वेटर आणला, लाल रंगाचा, पुढं बटणं असलेला, आणि अस्वल्याला घातला. रात्रभर बाहेर दवात बसून स्वेटर ओलाचिंब, आणि सकाळी कुत्रं माझ्याकडं असं बघतंय, की याला कुणी पेन्शन दिली. मामा बांधावरून हसत आले. "काय करायलाव बाबू? लगीन लावायलाव का याचं?" त्यांनी स्वेटर काढून फेकला आणि माझा हात धरून कुत्र्याच्या केसांत पार कातड्यापर्यंत खुपसला. वर दवाचं पाणी, आणि आत... आत चुलीशेजारी ठेवलेल्या भाकरीसारखं ऊबदार, कोरडं. "बगा. थंडी वरच्या केसातच अडकती, आत जात न्हाई. ह्येला कापडं नकोत. वारा अडवा, खालची जिमीन कोरडी ठिवा, बस." त्यांनीच तुराट्यांचा थर घालून वर कडबा पसरला, वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला. थंडीत अंघोळ घालायची नाही, केसांच्या गाठी होऊ द्यायच्या नाहीत, कारण गाठ पाणी धरून ठेवते. पंजे भेगाळले तर खोबरेल लावायचं. आणि रोज सकाळी एकदा हात कातड्यापर्यंत घालून बघायचा. "वरून बगून कळत न्हाई," म्हणायचे, "मानसाचं बी आन जनावराचं बी."

इतकं शिकवूनही मी जे केलं ते केलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्यानंतरही ऊन कमी होईना, अस्वल्या जीभ काढून दिवसभर धापा टाकायचा. तिकडं मामांच्या मेंढरांची कातरणी चालू होती. आदल्या दिवशी मेंढरं नदीत धुवायची, वाळूवर वाळवायची, मग एकेक आडवं करून कातर चालवायची; पहिली मूठभर लोकर देवाच्या नावानं बाजूला. कातरलेली मेंढरं कशी हलकी होऊन उड्या मारत होती! मी म्हणालो, "मामा, आमचाही एक नंबर लावा." मामांनी कातर खाली ठेवली. "मेंढी कातरली तर लोकर येती. कुत्रं कातरलं तर काय येतं? थंडी येती." मी म्हणालो, परत वाढतील की केस. "मेंढीचे वाढत्यात. ह्येची दोन पदरी हायेत. आतला पदर यील, वरचा येतोच असं न्हाई. आन ऊन बी तोच वरचा पदर अडवायलाय. नका नादी लागू." झालं, विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. मी पडलो शिकलेला माणूस. शनिवारी मामा पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले आणि मी त्यांच्या सुनेकडून कातर मागून आणली. "कशाला पायजे काका?" तर म्हणालो, मेंदीचं कुंपण छाटायचंय. आमच्या दारात मेंदी कधीच नव्हती.

दोन तास लागले. शेवटी माझ्यासमोर जे उभं राहिलं ते वाटेत फुटून आलेल्या पार्सलसारखं दिसत होतं. ठिकठिकाणी गुलाबी कातडं, मध्येच राहिलेले झुबके. आमची ही दारात आली, तिनं कुत्र्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि आत निघून गेली. संध्याकाळी मामा प्रसाद द्यायला आले. मला वाटलं शिव्या घालतील, मी तयारीतही होतो. ते अस्वल्याजवळ बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हात खुपसायला आता काही राहिलंच नव्हतं... ते हात तसाच ठेवून बसून राहिले. त्या वेळी त्यांनी एक सणसणीत शिवी दिली असती तर आज मला हा लेख लिहायची गरज पडली नसती.

महिन्याभरात थंडी पडली. साधीसुधी नाही, हौदाला हात लावला की बोटं बधिर व्हावीत अशी. अस्वल्या थरथरायला लागला, खाणं सुटलं. मी त्याला खोलीत घेतला, दार लावून कोळशाची शेगडी पेटवली, तर धूर कोंडून आम्ही दोघंही मरायचो. हिनं दार उघडलं म्हणून वाचलो. बाहेर सोडला की तो थेट मेंढरांच्या वाड्याकडं धावायचा, राखणीची सवय लागलेली. एका सकाळी त्याला शोधत मी तिकडं गेलो. मेंढरांच्या कडेला मामा नुसत्या बंडीवर उकिडवे बसलेले, दोन्ही हात काखेत. आणि घोंगडीखाली अस्वल्या, नाक तेवढं बाहेर. मी माझी गोधडी पुढं केली. "ती पानी पिती बाबू. घोंगडी पानी झटकती." मग तुम्ही काय पांघरणार? "मला काय, बिडी हाय की."

दुसऱ्या दिवशी बाजारातून मी त्यांच्यासाठी चांगलं जाड मिलचं ब्लँकेट आणलं. वर केवढा तरी वाघ छापलेला, जबडा उघडा. मामा हसून हसून खोकले. "आवो, ह्ये पांघरून वाड्यात गेलो तर मेंढरं नदीपल्याड पळतील!" त्यांनी ते घडी करून ठेवून दिलं ते दिलंच. तो अख्खा हिवाळा त्यांनी बंडीवर आणि जुन्या फाटक्या पटकुरावर काढला. पौषात खोकला लागला तो उन्हाळ्यापर्यंत गेला नाही. केस परत आले, पण मामा म्हणाले तसेच: आतला पदर आला, वरचा राठ पदर आलाच नाही. त्यामुळं पुढच्या थंडीतही घोंगडी आमच्याकडंच. मी परत न्यायला गेलो की म्हणायचे, "राहू द्या. ह्येची थंडी सरू द्या आदी."

यंदा दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, फुप्फुसं जुनीच खराब आहेत, इतक्या वर्षांची बिडी आहे. मी ते वाक्य घट्ट पकडलं. बिडी, बिडी असं मनाशी घोकत घरी आलो... पण घोकणाऱ्याला माहीत असतं आपण का घोकतोय. शेवटचं भेटलो तेव्हा ठरवून गेलो होतो की आज माफी मागायची. उशाशी बसलो, घसा खाकरला, म्हणालो, "मामा, ती कातर..." त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "हात घालून बगता का रोज?" मी म्हणालो, बघतो. "कोरडं हाय?" कोरडं आहे मामा. "मग झालं." आणि माफी माझ्या घशात राहिली, ती अजून तिथंच आहे.

तर त्या सकाळी मी घोंगडी काढायला वाकलो. अस्वल्या आता म्हातारा झालाय, मागचे पाय वाकडे पडतात. एक कोपरा उचलला तसा गार वारा आत शिरला आणि त्याचं अंग शहारलं. त्यानं मला चावावं, गुरगुरावं, म्हणजे मला ओढून घेता येईल, असं वाटत होतं. त्यानं नुसतं पाहिलं. तिकडं एक माणूस घोंगडीची वाट पाहत होता, ज्याला आता थंडी वाजत नव्हती... मी कोपरा खाली सोडला.

रिकाम्या हातानं मामांच्या घरी पोचलो. पाहुणे ताटकळलेले. नागोरावानं माझ्याकडं पाहून मान फिरवली. धनगर घोंगडीशिवाय जात नाही, हे त्याला मी काय सांगणार होतो? गयामामी मामांच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. "काडली न्हाई व्हय अंगावरची?"

"न्हाई मामी. जमलं न्हाई."

"बरं केलाव," त्या म्हणाल्या. "काडून आनली असती तर उठून शिव्या दिल्या असत्या तुमाला." आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या.

शेवटी पेटीतलं मिलचं ब्लँकेट निघालं, घडी न मोडलेलं. जन्मभर लांडग्यांशी भांडलेला माणूस अंगावर वाघ घेऊन गेला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी तीच, असं आता वाटतं.

तेराव्याला मी घोंगडी झटकून, ऊन दाखवून घेऊन गेलो होतो. मामींनी ती हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली. "कुत्र्याचा वास यायलाय," म्हणाल्या. "न्ह्या." ती आता पत्र्याच्या आडोशाला, कडब्यावर असते. तिच्या एका कोपऱ्याला बिडीनं पडलेलं रुपयाएवढं भोक आहे. ही रफू करते म्हणाली, मी करू दिलं नाही. वारा शिरतो तिथून, कबूल. पण सकाळी हात घालून बघायला जातो तेव्हा अस्वल्या रोज एकाच जागी सापडतो. अंग आत, आणि नाक त्या भोकाला लावलेलं.