मावशीचं दह्याचं गाडगं

पुण्यात दहा वर्षं मी पाव, नूडल्स आणि मोबाइलवरून मागवलेल्या जेवणावर काढली. पोट कायम फुगलेलं. डॉक्टर म्हणाले, अशा खाण्यानं पोटातले चांगले जिवाणू कमी होतात. त्यांनी जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्या पिशवीत टाकून मी रिसोडजवळ मावशीकडे राहायला आले. तिचा भाजीपाल्याचा मळा आहे.

आठ दिवस ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वाटीभर दही खाल्लं. पोट इतकं गप्प झालं की कॅप्सूलची आठवणही राहिली नाही. एका सकाळी मावशी मळ्यात गेली, तेव्हा तिला तेवढीच मदत म्हणून मी सगळी भांडी घासली. दह्याच्या गाडग्याच्या तळाशी आंबट वासाचं काहीतरी चिकटलं होतं. गाडगं साबणानं, कढत पाण्यानं लख्ख केलं.

मावशी आली, गाडग्यात डोकावली आणि तळाशी बोट फिरवू लागली. "अवं, विरजण होतं ते. माह्या सासूच्या वेळचं."

मी पार ओशाळले. ती मात्र शेजारणीकडून वाटीत विरजण घेऊन आली. ते मूळचं मावशीच्याच गाडग्यातलं, म्हणून निभावलं. दही लागल्यावर मी तिला कॅप्सूल दाखवली आणि आत विरजणासारखेच जिवाणू असतात, माझ्या पोटातले पुण्याच्या खाण्यानं कमी झाले, असं समजावलं.

तिनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"म्हंजे तुमी तिकडे बी आधी घासून टाकता, अन् मंग इकत आणता."