तलावाच्या बागेतली झोळी

झोळी रिकामी होती. हात घालून पाह्यलं, लुगड्याची घडी उलगडून पाह्यली, जसं काय लेकरू घडीत दबून बसलंय. लिंबाच्या मागं पाह्यलं. तलावाकडं पाह्यलंच न्हाई, हिंमतच झाली न्हाई. हातातली घोळीची भाजी कुठं पडली ठाव न्हाई, पायात चप्पल एकच, अन् मी पायवाटेनं बानू, बानू वरडत पळून राह्यले. माझी बानू तं अजून बोलत बी न्हाई, ओ कुठून देनार.

गावाकडच्या बायांनो, अन् माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहिते. शाळा सातवीतच सुटली, तवा चुकलं तं सांभाळून घ्या.

हसनाबादहून आम्ही निघालो तवा काळी-पिवळी भरली होती. बानू मांडीवर, गॅसची शेगडी पायात. सासू खिडकीशी आल्ती. डोळ्याला पदर, पन तोंड चालूच. म्हन्ली, "शहर मानवलं न्हाई तं लेकरू इकडं आनून सोड. तू बस तिकडं हवा खात." सगळी गाडी हसली. मी हसले न्हाई. तिच्या बोलन्यात गंमत कमी होती, मला माहीत हाये ना.

पन हवा कुठं होती हो इथं? नवीन जालन्यात खोली घेतली, वर पत्रा, खिडकीचा पत्ता न्हाई. हे बियान्याच्या गोदामात थैल्या उचलायला जायचे अन् मी दार उघडं टाकून भिंतीकडं बघत बसायचे. बानूच्या अंगावर घामोळ्या. मंग एक दिवस तिला काखेला मारून चालत सुटले, अन् ही तलावाकडची बाग सापडली. लिंब, करंज, पान्यावर बगळे. बांधाच्या पल्याड एक पायवाट जाते, तिकडं कुनी चालायला जात न्हाई, घोळ अन् तांदूळजा मात्र वीत वीत वाढलेला. गावात भाजीला पैसे कोन देतं? इथं बी म्या दिले न्हाई. सुट्टीला हे गाडीवर घानेवाडीच्या तलावावर न्यायचे, तिथं तं माळच माळ, मला वाटायचं आता मेंढरं येतील.

माझं माहेर मेंढरंवाल्यांचं. आमच्यात लेकरू भुईवर ठेवत न्हाईत. माय म्हनायची, "खाली इचू, खाली कुत्रं. झाडाला बांध अन् मोकळी हो." झाडाला झोळी दिसली का समजायचं, माय इथंच कुठं हाये. येता-जाता कुनी बी एक झोका देऊन पुढं जातं.

त्या दिवशी बी मी लिंबाला झोळी बांधून भाजी खुडायला गेले, तं इथं झोका कुनी दिला न्हाई. लेकरूच उचलून नेलं.

गेटापाशी मानसं जमलेली. मधात रोज चकरा मारायला येनारी मॅडम, पांढरे बूट, अन् तिच्या खांद्यावर माझी बानू, खुशाल झोपलेली. मी हात पुढं केले तं मॅडम मागं सरकली. म्हन्ली, रडत होती, जवळ कुनी न्हाई, कुनी टाकून दिली वाटलं. वॉचमन आधार कार्ड मागून राह्यला. बानूचं तं अजून काढलेलंच न्हाई. मागून कुनीतरी म्हन्लं, पोलिसाला फोन लावा. माझ्या डोळ्यापुढं पोलीस आले, त्यांच्यामागं सासू आली, अन् बानू हसनाबादच्या गाडीत बसलेली दिसली.

"झाडाला लेकरू टांगून जातं का कोणी? कसली आई आहेस तू?" मॅडम म्हन्ली.

मी लई भ्याले होते. तरी तोंडातून निघालं, "आई हाये म्हनूनच टांगली. खाली ठेवली असती तं कुत्र्यानं नेली असती. वर होती तं नुसतं तुम्ही नेली."

बाकड्यावरचे एक म्हातारे बाबा खोकत खोकत हसले. म्हन्ले, द्या हो, रोज येती ही, हिचंच हाये लेकरू. मंग मॅडमनं बानू दिली, हळूच, मान सांभाळून. परत असं करू नको म्हन्ली. मी हो म्हन्ले न्हाई.

वॉचमननं माझ्याकडून नंबर घेऊन यांना फोन केल्ता. यांनी घाबरून आईला केला. संध्याकाळी सासूचा फोन. आधी म्हन्ली, "झाडाला न्हाई बांधायचं तं काय लाईटच्या खांबाला बांधायचं? येडे लोक." मला हसू आलं, तेवढ्यात म्हन्ली, "पन बराबर हाये, तिथं लेकरू राहू शकत न्हाई. रविवारी आनून सोड."

हे खाली बघत बसले. मी म्हन्लं, "न्हाई आत्याबाई. बानू माझ्याजवळच राहील." तिकडून गाईच्या घंटीचा आवाज आला. मंग फोन कट झाला. तवापासून ती माझ्याशी बोलत न्हाई, यांच्याशीच बोलते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच लिंबाला झोळी बांधली. आता भाजीला झाड दिसंल तेवढीच दूर जाते, हे खरं. मॅडम चक्कर मारता मारता दर बारीला झोळीत वाकून बघते, अन् मंग माझ्याकडं. मी बी बघते. बघू दे.

गावाला घर म्हनत होते, तिथं माझी लेक माझी राहिली नसती. खोलीला घर म्हनावं तं तिथं दम घुटतो. सध्या तं घर म्हंजे हा बांध, ही पायवाट, अन् मला दिसंल इतक्या दूर बानू. तुम्ही गावात राह्यलेल्या, तुम्ही निघून आलेल्या, मला खरं सांगा. लोक बोलले म्हनून मी दार लावून पत्र्याखाली बसायला पाह्यजे होतं का? का बानूला गाडीत बसवून द्यायला पाह्यजे होतं? माझ्या जागी असत्या तं तुम्ही काय केलं असतं?