मोठ्या मामांचं कडक पथ्य

आमच्या मोठ्या मामांइतकं कडक पथ्य पाळून आजार वाढवलेला माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. धुळ्याच्या बाजारात ते टांग्याकडे निघाले की टांगेवाला एकदा घोड्याकडे बघायचा, एकदा मामांकडे, आणि "आबा, चाक दुरुस्तीला दिलंय" असं त्याच चाकाला टेकून सांगायचा. मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, खाणं आवरा, चाला, नाहीतर रोज विलायती सुई टोचून घ्यावी लागेल. सुईचं नाव काढताच मामांनी पथ्याचा असा धडाका लावला की विचारू नका! आठवड्याचे दोन उपास होते ते पाच केले. आता आमच्याकडचा उपास म्हणजे परातभर साबुदाण्याची खिचडी, तुपात परतलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू आणि वर फैजपूरची केळी. मी एकदा तोंड उघडलं, तर माझ्यावरच भडकले. "देवाले चालस, अन् माले नही?" कारल्याचा रसही नेमाने घ्यायचे, नाक दाबून. मागून तोंडाला चव यावी म्हणून गुळाचा खडा, तोही चांगला मुठीएवढा.

मग कुणा निसर्गोपचारवाल्या बुवांनी सांगितलं, पहाटे दवावर अनवाणी चाला. झालं! पांझरेच्या काठी बाभळींतून तो अवाढव्य देह रोज चालू लागला. सुरुवातीला काटा रुतला की नदीपार ऐकू जाईल असे ओरडायचे. काही महिन्यांनी ओरडणं थांबलं. एक दिवस आमच्या घरी आले आणि बाजेवर पाय पसरून म्हणाले, "बघ रे, काटा बी टोचत नही माले आते! बठ्ठा रोग निंघी गया!" सगळा रोग निघून गेला, हे आम्हालाही पटलं. त्या आनंदात खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या.

पुढे एका सकाळी मामींना सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे दिसले. टाचेत अख्खा काटा मोडलेला, भोवती काळं पडलेलं. मामी रडतच म्हणाल्या, "इतलं रगत निंघनं, अन् तुमले कळनं नही?" मामा वाकून बघत होते, पण पोटाआड त्यांना स्वतःचा पाय दिसेना. हळदीचे लेप झाले, कडुनिंबाचा पाला झाला. काळेपणा वर चढत नडगीला आला, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पाय ठेवलात तर माणूस जाईल.

धुळ्याच्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय कापला. मी दुपारी भेटायला गेलो तर मामा ओळखू येईनात, इतके वाळले होते. सुईलासुद्धा मुकाट हात पुढे करत होते. मला फार वाईट वाटलं. मामी पाणी आणायला उठल्या, तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तोच पाय दुखी राह्यना रे," ते हळूच म्हणाले. "टाच ठणकस. जरासा दाब ना."

चादर तिथे गादीला सपाट टेकली होती. मी पायथ्याशी बसलो आणि त्यांचा डोळा लागेपर्यंत ती रिकामी जागा दाबत राहिलो.